खंड्यामागचा हिरवा डाग

"झूम?" डॉक्टर म्हमाण्यांनी ड्रिल थांबवलं. "हत्तुरे सर, तुम्ही कॉलेजात भूगोल शिकवता. जरा उंची ठेवा. झूम म्हणजे भेळ. सगळं असतं, पोट कशानंच भरत नाही."

मी "आँ" म्हणालो. खुर्चीत आडवं पडून, गालात कापूस कोंबलेल्या अवस्थेत माणूस यापेक्षा जास्त मतभेद व्यक्त करू शकत नाही. डॉक्टरांनी तो होकार धरला.

"दुकानदार तुम्हाला दोन झूम देतो म्हणाला ना? एक घरातल्यासाठी, एक लांबच्यासाठी? तो तसंच म्हणणार. त्याला माल खपवायचाय. तुम्ही तीनशे एमएमची प्राइम घ्या. ती पुढं-मागं होत नाही. तीनशे म्हणजे तीनशे. पक्षी सुईसारखा आणि मागचं सगळं उडालेलं! मागचं उडालं नाही तर तो फोटो नाही, पंचनामा आहे."

मी पुन्हा "आँ" म्हणालो, आणि माझ्या आयुष्यातल्या पहिल्या कॅमेऱ्याची लेन्स ठरली.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. वेतन आयोगाचा फरक हातात पडला होता आणि हौसेला मोल नसतं, हे मला नुकतंच कळलं होतं. डॉक्टर गंगाधर म्हमाणे आमचे दंतवैद्य, शहरातल्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आणि जुळे सोलापूर भागातल्या आमच्या श्रीनिकेतन सोसायटीचे चेअरमन. एकाच माणसाच्या हातात तुमची दाढ, तुमची कला आणि तुमचं पाणी असेल तर वाद घालू नये. मी घातला नाही.

गिरिजाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन झूमवाला संच हवा होता. "अव्वांचा एक धड फोटो नाही घरात," ती म्हणाली. "लेकीचं गॅदरिंग आहे. घरातली माणसं आधी काढा, मग पाखरं काढा की."

"घरातली माणसं काय, मोबाइलवरही निघतात," मी म्हणालो. हे डॉक्टरांचंच वाक्य होतं. दाढ भरून झाल्यावर, निघताना त्यांनी सांगितलेलं.

तर कॅमेरा आला आणि त्याला ती एकच लेन्स आली. पहिला फोटो अव्वाचा काढायचा ठरलं. अव्वा म्हणजे माझी आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून दीड वर्ष ती पलंगावर होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर नुसतं धुकं. ही लेन्स दीड मीटरच्या आतलं काही ओळखतच नाही, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मी मागं सरकलो. अव्वाचं नाक दिसलं. आणखी मागं सरकून भिंतीला टेकलो. नाक आणि एक डोळा. मग दारातून बाहेर, पॅसेजमधून मागं मागं जात जिन्यात आलो, तेव्हा कुठं अव्वाचा चेहरा चौकटीत मावला. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार माझ्या पाठीत उघडलं.

आतून अव्वा ओरडली, "शिवा, एवढ्या लांबून काय बघतोस रे? जवळ ये की!"

गिरिजा अव्वाची चादर बदलत होती. ती हसली नाही. "बरंय," म्हणाली, "बिऱ्हाडात राहून बिऱ्हाडात नसल्यासारखं." मी ते मनाला लावून घेतलं नाही. कलावंताच्या घरी हे चालायचंच, अशी माझी समजूत झाली होती. कॅमेरा घेऊन तेव्हा मला दोन दिवस झाले होते.

मग मी गच्चीवर जाऊ लागलो. आमच्या सोसायटीच्या दोन इमारती, समोरासमोर. आम्ही बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. पाण्याची टाकी मात्र समोर, ए विंगच्या गच्चीवर. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. ते खालच्या हौदात भरायचं, मोटारीनं त्या टाकीत चढवायचं आणि तिथून मापून सोडायचं. रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात ए विंग, सव्वासात ते आठ बी विंग. टाकीपाशी दोन वॉल होते, प्रत्येक विंगला एक. ते फिरवायचं काम मल्लप्पाचं.

मल्लप्पा कोळी आमचा वॉचमन. अक्कलकोटच्या बाजूचा, पंचावन्न-छप्पन्नचा. तेव्हा चौदा वर्षांपासून तो आणि त्याची बायको शांतव्वा खाली मोटारीच्या खोलीला लागून असलेल्या दहा बाय आठच्या खोलीत राहत होते. वयानं तो माझ्यापेक्षा मोठा, पण सोसायटीतलं शेंबडं पोरही त्याला अरेतुरे करायचं. मीही करायचो.

मार्चमधल्या एका सकाळी मला खंड्या मिळाला. दोन इमारतींच्या मधून केबलची वायर गेली होती, तिच्यावर येऊन बसला. निळ्या पाठीचा, तपकिरी डोक्याचा, चोचीत सरडा. मी श्वास रोखला आणि बटण दाबून धरलं. सात फोटो निघाले. पाचव्याला तो उडाला. पहिला फोटो असा आला होता की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. खंड्याचं पीस न् पीस मोजून घ्यावं, आणि मागं काय? काही नाही. ए विंगची गच्ची, टाकी, पाइप सगळं विरघळून पिवळट, राखाडी झालेलं. डाव्या अंगाला तेवढा एक हिरवा डाग.

"काय उडवलंय!" डॉक्टर म्हणाले. "आणि हा हिरवा रंग बघा कसा उठाव देतोय. नशीब लागतं, सर."

त्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं डॉक्टरांच्या मेहुण्याला मिळालं. डॉक्टरांनी माझा फोटो फ्रेम करून सोसायटीच्या ऑफिसात लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मीही काही ना काही निमित्त काढून तिथून जाऊ लागलो.

मे महिन्यात पाण्याची बोंब झाली. ए विंगच्या लोकांचं म्हणणं, आमची वेळ संपायच्या आधीच नळाची धार बारीक होते. बी विंगवाले म्हणायचे, तुमच्या नळांत काडी अडकली असेल. आमच्या घरी मात्र पाणी कधी कमी पडलं नाही. तिसरा मजला असून पडलं नाही. याचं श्रेय मी गिरिजाच्या नियोजनाला देत असे आणि चारचौघांत तसं सांगतही असे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली होती. ए विंगच्या इंदुमती शेटे ऑफिसातून माझा फोटो फ्रेमसकट उचलून घेऊन आल्या आणि टेबलावर उभा केला. मला वाटलं सत्कार आहे.

"ह्या पाखरामागं काय आहे ते बघा," शेटेबाई म्हणाल्या. "रोज येता-जाता बघत होते, काल लक्षात आलं. हे टाकीचं तोंड. हा पाइप. आणि हे हिरवं काय आहे? माणूस आहे. वाकून उभा आहे. वॉलवर."

सगळे उठून फोटोभोवती जमले. महिनाभर लोकांनी त्या फोटोत पक्षी पाहिला होता. आता पक्ष्याकडं कुणी बघेना.

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं. उभ्या शहराला मागचं उडवा म्हणून सांगणारा माणूस आता मागचंच वाचायला बसला. "दोन वॉलपैकी हा उजवीकडचा. म्हणजे बी विंगचा. सर, फोटो किती वाजताचा?"

इथं मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण कॅमेऱ्याबद्दल कुणी काही विचारलं की मला राहवायचं नाही. "डॉक्टर, प्रत्येक फोटोत वेळ नोंदलेली असते," मी मोठ्यानं म्हणालो. "सेकंदासकट. सहा बावन्न."

"सहा बावन्न!" शेटेबाई म्हणाल्या. "आमची वेळ सव्वासातपर्यंत! म्हणजे आमचं पाणी चालू असताना बी विंगचा वॉल खोललाय!"

"वॉलची चावी कुणाकडं असते?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी मल्लप्पाकडं पाहिलं.

"चावी जिन्यात खिळ्याला असतंय, साहेब," मल्लप्पा म्हणाला. "आणि त्या टायमाला मी खाली मोटारीपाशी असतोय. सव्वासातला वर जातोय."

"मग हे कोण आहे? भूत?"

"मला काय दिसंना त्यात."

"हिरवा स्वेटर आहे," शेटेबाई म्हणाल्या. "माझ्या मुलानंच दिलेला. मी ओळखते."

"स्वेटर हिरवाच आहे, बाई. पण मार्चात कोण घालतंय हो?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यात त्याचा एकुलता एक मुद्दा वाहून गेला. सोलापुरात मार्च महिन्यात स्वेटर घालून हिंडणारा माणूस सापडला तर त्याला चोर म्हणून पकडू नये, दवाखान्यात न्यावं. मी भूगोलाचा मास्तर. मार्चमधलं तिथलं तापमान वर्गात फळ्यावर लिहितो. पण मी काही बोललो नाही. माझ्या फोटोवर इतका वेळ चर्चा चालली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

बी विंगच्या कुणाकडून तरी चहापाणी घेऊन मल्लप्पा वॉल खोलतो, असं ठरलं. कुणाकडून, हे कुणी विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर पार्किंगमध्ये खुर्च्यांवर बसलेल्यांपैकीच कुणीतरी निघालं असतं. आठ दिवसांत खोली खाली करायची, असा ठराव झाला. सूचक इंदुमती शेटे, अनुमोदक मी. अनुमोदक बी विंगचा असावा म्हणजे पक्षपात दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मी हात वर केला.

घरी आलो, जेवलो आणि त्या सकाळचे सातही फोटो लॅपटॉपवर काढून बसलो. कुतूहल म्हणून. पहिल्या चारांत खंड्या, मागं हिरवा डाग. सहावा-सातवा नुसतं आकाश. पाचव्यात पक्षी उडून गेला होता आणि लेन्सला पकडायला जवळ काही राहिलं नव्हतं, म्हणून तिनं मागचं पकडलं होतं. असा फोटो वाया गेलेला समजतात. मी तो तेव्हा नीट पाहिलाही नव्हता. ए विंगची गच्ची त्यात लखलखीत होती. पाइपवरचा गंजसुद्धा दिसत होता. आणि बी विंगच्या वॉलवर दोन्ही हात ठेवून, हिरव्या गाउनवर ओढणी घेऊन गिरिजा उभी होती. ती थेट माझ्याकडं बघत होती.

आत गिरिजा अव्वाला भरवत होती. "एवढा घास, अव्वा. एवढाच," असा तिचा आवाज येत होता. मी लॅपटॉप मिटला, उघडला, परत मिटला.

चारच्या सुमाराला मल्लप्पा आला. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला. मी बस म्हटलं तर बसला नाही.

"साहेब, तो फोटो मोठा करून बघा की," तो म्हणाला. "तुमच्या मशिनीत मोठं होतंय म्हणतात. माणूस कोण ते दिसंल. चौदा वरीस झाली मला इथं. चोर म्हणून जायाचं म्हणजे गावात काय सांगू? शांतव्वा सकाळधरनं जेवली न्हाई."

गिरिजानं त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली. मल्लप्पा वरून पाणी घटाघटा प्याला. माझ्या मागं लॅपटॉपमध्ये तो फोटो होता. एक बटण दाबायचं होतं.

आणि मी व्याख्यान द्यायला लागलो.

"त्याचं असं आहे, मल्लप्पा. ही लेन्स तीनशेची. तिला मागचं दिसतच नाही. मागचं दिसू नये म्हणूनच ती घेतात. मोठं केलं तर डाग मोठा होतो, माणूस दिसत नाही. साधी झूम असती तर कदाचित थोडंफार कळलं असतं. पण हिची रचनाच तशी आहे. शास्त्र आहे ते." असं मी दहा मिनिटं बोललो. ज्या माणसाचं छप्पर चाललं होतं त्याला मी काचांची रचना बोटांनी हवेत काढून दाखवली. वर्गात मी कधी इतकं छान शिकवलं नव्हतं.

मल्लप्पानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे फोटो न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"बरं."

तो जिना उतरत होता तोवरच मी पाचवा फोटो काढून टाकला. नक्की काढून टाकायचा आहे का, असं लॅपटॉपनं विचारलं. त्या दिवशी मला असा प्रश्न विचारणारं घरात तेवढं एकच होतं. मी हो म्हणालो. गिरिजा आत निघून गेली होती. आम्ही दोघं त्यावर काहीच बोललो नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्यात फरक इतकाच की चोराच्या नवऱ्यानं अनुमोदन दिलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी टेम्पो आला. सामान असं नव्हतंच. एक पत्र्याची पेटी, कॉट, भांड्यांची दोन पोती. मी गच्चीवर निघालो होतो, गळ्यात कॅमेरा. नजर चुकवून जायचा बेत होता, पण मल्लप्पानं हाक मारली.

"साहेब, एक फोटो काढता का आमचा? दोघांचा एकत्र असा एकबी न्हाई. लग्नातला होता, तो वाळवीनं खाल्ला."

नाही कसं म्हणणार? शांतव्वानं पदर सारखा केला. दोघं सोसायटीच्या फाटकासमोर उभे राहिले, ताठ, हात खाली. मी कॅमेरा लावला. मल्लप्पाच्या सदऱ्याचं बटण दिसलं. मी मागं सरकलो. त्याची हनुवटी. रस्ता ओलांडला. तिचं कुंकू आणि त्याचा खांदा. समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायऱ्या चढून भिंतीला पाठ लावली, तेव्हा कुठं दोघं डोक्यापासून पायापर्यंत मावले. आमच्यामध्ये पंचवीस मीटर रस्ता होता. रिक्षा जात होत्या. "हसा जरा," मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नसावं.

मी फोटो काढला. मल्लप्पानं शांतव्वाला टेम्पोत बसवलं आणि रस्ता ओलांडून माझ्याजवळ आला. इतका जवळ की लेन्सला तो दिसला नसता.

"ताईंना एक सांगा, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "बी विंगचा वॉल दीड आट्याच्या वर फिरवू नका म्हणावं. आतलं आटे झिजलेत. त्याच्यावर गेलं की परत बसत न्हाई, अख्खी टाकी रिकामी होतंय. मी हाय तोवर सांभाळून घेत होतो. नव्या माणसाला ठाऊक नसतंय."

"मल्लप्पा, तुला माहीत होतं?" मी म्हणालो. " मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर कुणी धरलं असतं?" तो म्हणाला. "आजींचं रोजचं धुणं असतंय, ताई काय करतील? तेवढं मला कळतंय. मला वाटलं, फोटो तुमच्याकडं हाय, तुम्ही बोलाल. म्हणून तर वर आलो होतो."

त्यानं नमस्कार केला. राग असता तर मला सोसला असता. तो नेहमीसारखाच नमस्कार होता, पोस्टमनला करतो तसा. टेम्पो गेल्यावर मी बराच वेळ गिरणीच्या पायरीवर बसून राहिलो. मला माझी लाज वाटली. आयुष्यात पुष्कळदा वाटली आहे, पण अशी नाही. फोटोची प्रत त्यांना द्यायची तर पत्ता विचारायचं राहिलं होतं.

वर आलो. गिरिजा बाथरूममध्ये अव्वाच्या चादरी पिळत होती. मी दारात उभा राहून सांगितलं, "मल्लप्पा गेला."

"हं."

"त्याला माहीत होतं. तू वॉल खोलतेस ते."

तिचे हात थांबले. मग तिनं वर पाहिलं. "तुम्हालाही माहीत होतं की. त्या दिवशी सरळ माझ्यावरच कॅमेरा धरला होता तुम्ही. मी घाबरून उभी राहिले. म्हटलं, आता घरी आल्यावर बोलतील. तुम्ही काही बोलला नाही. मला वाटलं, चालतंय तुम्हाला."

"मी खंड्या बघत होतो, गिरिजा."

"रोज दोन चादरी, कधी तीन," ती म्हणाली. "पंचेचाळीस मिनिटांत किती पाणी येतं तिसऱ्या मजल्यावर? कधी बादली लावून बघितली का तुम्ही? आणि त्या दिवशी मल्लप्पा दारात उभा होता. मी वाट बघत होते, तुम्ही काय बोलता त्याची. तुम्ही बोलला असता तर मीही पुढं आले असते. तुम्ही त्याला काचा शिकवत बसलात."

"मग तू का नाही बोललीस?"

तिनं चादर पिळून बादलीत टाकली. आतून अव्वानं हाक मारली, "गिरिजा, ओलं झालंय गं." ती उठली, हात पुसले आणि माझ्या जवळून जाता जाता थांबली.

"निरोप काही दिला का त्यानं?"

"वॉल जास्त फिरवू नका म्हणाला. आटे झिजलेत. टाकी रिकामी होते."

गिरिजा माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं खांद्याला पुसलं.

"किती आटे म्हणाला?" तिनं विचारलं.

"दीड," मी म्हणालो.